आजी असेपर्यंत

६ जुलै, रविवार

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी डायरी लिहायला बसलोय आणि डायरीवर जांभळा घोडा आहे. लारसच्या शाळेच्या उन्हाळी मेळ्यात लकी ड्रॉ होता, त्यात तिला ही लागली. कुलूप, किल्ली, सगळं आहे. "बाबा, तुझ्याकडे सिक्रेट्स आहेत का?" म्हणाली. मी म्हटलं, भरपूर. "मग ही तुला." म्हटलं चला, मुलीने दिलीये तर लिहू.

लारस माझ्या बायकोची, वुलानची, मुलगी. वय वर्षं आठ. पूर्ण नाव लारसती, आणि बस तेवढंच. जावामध्ये आडनाव लावलंच पाहिजे असं काही नसतं. इथल्या जर्मन कचेरीतल्या बाईंना ते पटेना. आडनावाची चौकट रिकामी कशी ठेवायची? शेवटी पोरीचं नाव कागदावर 'लारसती लारसती' असं झालं. पुण्यात असतं तर आम्ही त्या बाईंना चहा पाजून समजावलं असतं.

ह्या मुलीला सणांचं वेड आहे. कुणाचेही असोत. फ्रिजवर तिने यादी लावलीये. १७ ऑगस्ट, इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. मग गणपती. मग दसरा, दिवाळी. मग नोव्हेंबरात कंदिलांची मिरवणूक. मग सहा डिसेंबरचा संत निकोलाउस, मग ख्रिसमस, मग होळी, मग ईद. वुलान म्हणते, हिला वर्षभर सुट्टीच पाहिजे. पण सुट्टीचं नाही ते. घोळक्यात उभं राहून सगळ्यांबरोबर एकच गोष्ट करायला मिळाली की हिचा चेहरा उजळतो.

आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत मीनलच्या वर्गात ती जाते. बाकीची पोरं अस्सल मराठी आईबापांची, पण प्रश्न मराठीत विचारला तर उत्तर जर्मनमध्ये देतात. आमची ही जावाची पोर मात्र "अय्या" म्हणते. मे महिन्यात मीनलने स्वतःची ओळख करून द्यायला शिकवलं. तेव्हापासून दात घासताना, सायकलवर, बसस्टॉपवर एकच घोष चालू आहे: "माझं नाव लारसती श्रीरंग ढवळे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भांडी घासत होतो. घासतच राहिलो, मागे वळून बघितलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात 'श्रीरंग'चं 'बाबा' झालं. कुणी सांगितलं नव्हतं.

११ जुलै, शुक्रवार

आईचा व्हिसा आला. वीस ऑगस्टला येतेय, चौदा नोव्हेंबरपर्यंत. फोनवर इतकी खूश होती! उकडीच्या मोदकांसाठी पिठी आणू का, किती किलो आणू, तिथे खवणी आहे का. मी "हो हो" करत राहिलो आणि कॅलेंडरवर दिवस मोजत होतो.

आता लिहूनच टाकतो. दोन वर्षांपूर्वी मी आईला वुलानबद्दल सांगितलं. मुसलमान आहे म्हटल्यावर आई तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी स्वतःहून फोन केला. "बरं. माणूस चांगलं असलं म्हणजे झालं. पण तिचं हे पहिलंच ना रे? नाहीतर आयतं पोर गळ्यात पडायचं."

मी म्हणालो, "हो, पहिलंच."

एका वेळी एकच धक्का, असं माझं धोरण होतं. आईला बीपी आहे. दुसरा धक्का सवडीने द्यायचा होता. ती सवड काही मिळाली नाही. मग एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना लारस मागून उड्या मारत गेली. "ती कोण रे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "वुलानची भाची. शिकायला आलीये."

ह्याला दीड वर्ष झालं. एक खोटं असं असतं की त्याला रोज पाणी घालावं लागत नाही, आपोआप वाढतं.

२० जुलै, रविवार

वुलानशी बोललो. ती वृद्धाश्रमात नर्स आहे, दिवसभर म्हाताऱ्यांचे हट्ट सोसून येते, आणि घरी आली की माझे. सगळं ऐकून घेतलं. आरडाओरडा नाही. ती ओरडत नाही हेच वाईट आहे.

"येण्याआधी फोनवर सांगून टाक," म्हणाली.

"विमानात बीपी वाढलं तर?"

"मग आल्यावर सांग."

"आल्या आल्या? गणपतीच्या तोंडावर?"

वुलानने चहाचा कप खाली ठेवला. "श्रीरंग, तुझी आई, तुझं खोटं. मी तुझ्या आईला काही सांगणार नाही. पण माझ्या मुलीलाही मी काही सांगणार नाही. तिच्याशी तूच बोल."

मला राग आला. हिला काय माहीत आमच्याकडच्या आया कशा असतात! वडील गेल्यावर एकटीने वाढवलंय तिने मला. सणासुदीला तिचा मूड घालवायचा आणि वर तिला इथे तीन महिने चार भिंतींत ठेवायचं, हे माणुसकीला धरून आहे का? दिवाळीच्या आत सांगायचंच आहे. फक्त थोडे दिवस.

३ ऑगस्ट, रविवार

लारसला सांगितलं. फार अवघड गेलं नाही. मी उगाच घाबरत होतो.

तिला आइसक्रीम खायला नेलं आणि म्हटलं, आपण एक गंमत करू. आजी येईल ना, ती असेपर्यंत तू मला अंकल म्हणायचं. आणि वुलानला मावशी.

"आई नाही म्हणायचं?"

"आजीसमोर नाही."

"वारुम?" म्हणजे का. महत्त्वाचं काही असलं की ती जर्मनमध्ये जाते.

मी म्हटलं, खेळ आहे गं. आजीला ओळखू द्यायचं नाही. ओळखलं तर आपण हरलो.

तिने बराच वेळ कोन चाटला. "किती दिवस?"

"शहाऐंशी."

"गेनाऊ? नक्की?"

"गेनाऊ शहाऐंशी. जास्तीत जास्त. कदाचित कमी."

"ओके," म्हणाली. मग घरी आलो. दारात आल्यावर, "थँक्यू फॉर द आइसक्रीम, अंकल," आणि हसली. पोरगी हुशार आहे. पटकन लक्षात येतं तिच्या.

१७ ऑगस्ट, रविवार

फ्रँकफर्टला इंडोनेशियन लोकांचा मेळावा. लारस लाल-पांढऱ्या कपड्यांत. तिथे एक अजब स्पर्धा असते. दोरीला मोठाले पापड बांधून टांगतात, हात मागे बांधून ते तोंडाने खायचे. लारसने गाल, नाक, केस सगळीकडे पापड माखून घेतला आणि तिसरी आली. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

मग बाप-लेकरांची शर्यत होती, दोघांच्या कपाळांमध्ये फुगा धरून पळायचं. आम्ही उभे राहिलो. शिट्टी झाली आणि लारस ओरडली, "अंकल, हळू! अंकल!"

शेजारच्या जोडीतल्या माणसाने वळून बघितलं. वुलानच्या मैत्रिणीनेही. मी म्हटलं, "लारस, आजी अजून आली नाहीये." ती म्हणाली, "मी प्रॅक्टिस करतेय. नाहीतर चुकेल."

बरोबरच आहे तिचं. फुगा मात्र फुटला.

२० ऑगस्ट, बुधवार

आई आली. विमानतळावर व्हीलचेअरमधून तुरुतुरु उतरली आणि म्हणाली, "काय रे ह्यांची खुर्ची, बसायला सांगतात पण चहा विचारत नाहीत." तब्येत ठणठणीत आहे.

लारसची खोली तिला दिली. लारस हॉलमध्ये गादीवर. काल संध्याकाळी मी भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढून ठेवला, त्यात लारस आमच्या दोघांच्या मध्ये फुलं धरून उभी आहे. आईने चप्पल काढता काढता विचारलं, "इथे काय होतं रे? पांढरा चौकोन दिसतोय."

"घड्याळ. बिघडलं."

"चौकोनी घड्याळ?" एवढंच म्हणाली आणि हात धुवायला गेली.

लारसने वाकून नमस्कार केला. "मी लारस. वुलानमावशीची भाची." एक शब्द चुकला नाही. आईने तिची हनुवटी धरून चेहरा वर केला, मग वुलानकडे बघितलं, मग परत तिच्याकडे. "भाची अगदी मावशीसारखी हो," म्हणाली. वुलानला मराठी कळतं तेवढं. ती पिशव्या घेऊन आत गेली.

२४ ऑगस्ट, रविवार

मोदकांची तालीम. आई आणि लारस ओट्याशी. लारस पारी वळताना म्हणते, "हे क्लेपोन आहे! फक्त उलटं." त्यांच्याकडे तांदळाच्या पिठीच्या गोळीत ताडाचा गूळ भरतात आणि खोबरं बाहेरून लावतात. आईला भयंकर गंमत वाटली. "बघ, समुद्र ओलांडला तरी बायकांच्या डोक्यात तेच." दोघींनी मिळून एकवीस केले, त्यातले चार फुटले, ते मी खाल्ले.

मग आईने विचारलं, "तुझे बाबा काय करतात गं, बाळा?"

मी फ्रिजमध्ये डोकं घातलं.

लारस म्हणाली, "जकार्तात असतात. त्यांचं दुसरं लग्न झालं. फोन नाही करत."

"आणि आई?"

लारस पारीला कळ्या काढत राहिली, एक, दोन, तीन. "आई काम करते," म्हणाली. "खूप काम करते. नाइट पण."

आईने जास्त खोदलं नाही. स्वतःचा पदर सावरला, लारसच्या गालाला लागलेलं पीठ पुसलं. मला म्हणाली, "फ्रिज बंद कर, वीज जाते."

निभावलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मी सुट्टी घेतली. वुलानने फुलं लावली, मखर लारसने केलं, पुठ्ठ्याचं, त्यावर आमच्या तिन्ही देशांचे झेंडे. आरतीला लारसने झांजा वाजवल्या. शेजारच्या जर्मन आजींनी दार वाजवून तक्रार करण्याऐवजी केक दिला.

आरती झाल्यावर आई म्हणाली, "श्री, काही बोलायचंय का तुला? दोन दिवस बघतेय, तोंड उघडतोस आणि मिटतोस."

मी म्हटलं, "नाही गं, जांभया येतात."

३० ऑगस्ट, शनिवार

आज मंडळाचा कार्यक्रम झाला. हे नीट लिहायचंय.

गेल्या आठवड्यात मीनलला फोन केला होता. मुलांची नावं पडद्यावर येणार होती. मी म्हटलं, लारसचं नुसतं 'लारसती' ठेव. "अरे पण तिने मेपासून पाठ केलंय!" मीनल म्हणाली. मी म्हटलं, त्यांच्यात एकच नाव असतं, तिच्या आईची इच्छा आहे. (वुलानच्या नावावर खपवलं. हे बरोबर नाही केलं.) मीनल म्हणाली ठीक आहे.

हॉल भरला होता, दोनशे तरी माणसं. आई पहिल्या रांगेत, पैठणीत. मुलांचं लेझीम झालं. लारस मध्यभागी, नऊवारीत, केसांत गजरा, घामाघूम. एकही पाऊल चुकलं नाही तिचं. माझी छाती फुगली आणि लगेच आठवलं की इथे छाती फुगवून दाखवायची सोय नाही.

मग एकेकाने पुढे येऊन नाव सांगायचं होतं. ऊर्जा हृषीकेश अमुक, वेदांग सुमित तमुक. प्रत्येकाला टाळ्या. लारस आली. माइक तिच्यापेक्षा उंच होता, तिने तो दोन्ही हातांनी खाली ओढला.

"माझं नाव लारसती."

आणि थांबली. मीनलला वाटलं पोर विसरली. तिने बाजूने हळूच सांगितलं, पण माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं, "आणि बाबांचं नाव?"

लारसने पहिल्या रांगेकडे बघितलं. आजीकडे, मग माझ्याकडे. मग अगदी स्पष्ट, मीनलनेच शिकवलेल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "बाबांचं नाव नाही. मी पाहुणी आहे."

सगळा हॉल "ऑऽऽ" म्हणाला. काय टाळ्या पडल्या! माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "किती गोड! परदेशी मुलगी आणि काय मराठी!" मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. लारसने मला माइकच्या आडून अंगठा दाखवला.

आई टाळ्या वाजवत नव्हती, पर्समध्ये रुमाल शोधत होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं. नीट ऐकू आलं नसावं बहुतेक.

नंतर लारसला जवळ घेऊन म्हटलं, "जिंकलो आपण!" ती म्हणाली, "अजून किती दिवस?" मी मोजून सांगितलं, शहात्तर. तिने मान हलवली आणि गजरा काढून माझ्या हातात दिला. टोचत होता म्हणे.

१ सप्टेंबर, सोमवार

वुलान परवापासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. दूध संपलंय. बिल आलंय. मी विचारलं, राग आला का? म्हणाली, "नाही. मला लाज वाटली. दोनशे माणसांनी माझ्या मुलीला टाळ्या दिल्या, आणि मला तिथून तिला उचलून पळून जावंसं वाटलं."

मी म्हटलं, पण ती तर खूश होती, तिने अंगठा दाखवला!

"हो," वुलान म्हणाली. "तू खूश होतास म्हणून."

ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून हे लिहितोय. डबा उघडलेला नाही. आईला सांगायला हवं. ह्या रविवारी सांगतो.

१४ सप्टेंबर, रविवार

लारसचं पोट दुखत होतं, मराठी शाळेला गेली नाही. गेल्या रविवारीही डोकं दुखत होतं. सोमवारी मात्र ठीक असते. आईला ऱ्हाईन नदी बघायला नेलं, बोटीत सांगणार होतो. बोटीत फार वारा होता.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आपट्याची पानं इथे कुठली. लारस शाळेतून येताना कुठल्यातरी झाडाची पिवळी पानं गोळा करून आली, म्हणाली, सोन्यासारखी आहेत, चालतील. आईला दिली, वुलानला दिली. मला देताना म्हणाली, "घ्या अंकल."

घ्या. आजपर्यंत कधी 'घ्या' नव्हतं. आणि आई तोवर आंघोळीला गेली होती. हॉलमध्ये आम्ही तिघंच. मी हळूच म्हटलं, "आजी नाहीये इथे, बाबा म्हटलंस तरी चालेल." ती म्हणाली, "सतत बदललं की कन्फ्यूज होतं."

त्यानंतर दिवसभर माझं कशात लक्ष नाही. खोटं मी बोललो आईशी. आईकडून काही गेलं नाही. जातंय ते लारसकडून.

१२ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं. अखेर सांगितलं.

सकाळी वुलान ड्यूटीवर, लारस मैत्रिणीकडे. आई तांदूळ निवडत होती, इथले पाकिटातले स्वच्छ तांदूळ, त्यात खडा मिळाला तर बातमी व्हावी. मी समोर बसलो. "आई, लारस भाची नाही. वुलानची मुलगी आहे. आणि माझी."

आई निवडतच राहिली. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"विमानतळावरून आले त्या दुपारपासून. हुबेहूब चेहरा. रात्री पोरीला ताप होता तेव्हा तुझी बायको उठून जाते कशी, बघितलं. मावशा नाही अशा उठत. आणि भिंतीवरचं ते घड्याळ तुझ्या कपाटात शर्टांखाली आहे. इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले होते."

मला मग रागच आला. "मग बोलली का नाहीस? दोन महिने! ती पोर स्टेजवर—"

"मी का बोलू? तू माझा मुलगा. वाटलं, गणपतीत सांगशील. मग वाटलं दसऱ्याला सांगशील. आज सांगेल, उद्या सांगेल." तिने निवडणं थांबवलं. "आयतं पोर म्हणाले होते मी. म्हणाले होते ना? मला वाटलं, तुझ्या तोंडून ऐकलं की मग मी माफी मागेन. आधी तू, मग मी. असली माझी अक्कल."

तिने ताट बाजूला सारलं. मग आई म्हणाली, "आपण दोघं एकमेकांची वाट बघत बसलो, आणि त्या लेकराने भर सभेत सांगितलं, बाबांचं नाव नाही. मला ऐकू आलं होतं, श्री. मला सगळं ऐकू येतं."

१३ ऑक्टोबर, सोमवार

आईने लारसला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "मी तुझी आजी. खरीखुरी. चुकलं आमचं." वुलान दारात उभी राहून रडत होती, मला वाटतं लग्नानंतर पहिल्यांदा. फोटो परत भिंतीवर लावला.

लारसने विचारलं, "म्हणजे आपण हरलो?"

मी म्हटलं, "नाही गं, खेळच संपला. आता पुन्हा बाबा म्हणायचं."

"ओके, अंकल," म्हणाली, आणि पुस्तक वाचायला गेली. मी हसलो. सवय आहे, जाईल हळूहळू. आई हसली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

गेली नाही.

वुलानला ती पूर्वीसारखीच आई म्हणते. आजीला आजी. आजीच्या कुशीत झोपते. मराठी शाळेत पुन्हा जायला लागलीये, आजी सोडायला जाते म्हणून. फक्त मीच अंकल. रुसवा नाही, फणकारा नाही. गृहपाठ दाखवते, सायकलची चेन पडली की मलाच बोलावते. इतकी नम्र झालीये की मला धडकी भरते. परवा माझ्या मोबाइलला हात लावायच्या आधी तिने परवानगी मागितली.

आई म्हणाली, मागू नकोस तिच्याकडे. पण आई चौदा तारखेला जाणार, आणि मला ती जायच्या आत एकदा तो शब्द ऐकायचाय. आईसमोर. हट्ट आहे, माहितीये.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कंदिलांची मिरवणूक संध्याकाळी पाचला. आई थंडीला घाबरून घरी थांबली, वुलानची ड्यूटी. मी आणि लारस. तिने कागदाचा कासव-कंदील केलाय. शाळेच्या मैदानावरून नदीकाठच्या बागेपर्यंत चालायचं, पुढे घोड्यावर लाल झग्यातला संत, मागे दोनशे पोरं गात. मी पण गुणगुणलो, चाल आता पाठ झालीये.

शेवटी शेकोटीपाशी शाळेतल्या एक बाई मुलांना गोड ब्रेत्सेल, वेटोळ्याचे पाव, वाटत होत्या. लारसला दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि पापांना पण एक?"

लारस जर्मनमध्ये म्हणाली, "हे पापा नाहीत, हे श्रीरंग. पण त्यांना पण द्या, त्यांना आवडतो."

बाई गडबडल्या, सॉरी म्हणाल्या. मी आभार मानून ब्रेत्सेल घेतला. गरम होता.

जरा बाजूला आल्यावर मी न राहवून विचारलंच. "लारस, खेळ संपून महिना झाला. तू माझ्यावर चिडलीयेस का?"

"नाही." तिला खरंच आश्चर्य वाटलं.

"मग बाबा म्हण ना गं. परत."

तिने कंदील दुसऱ्या हातात घेतला. मराठीतच बोलली, आठवून आठवून. "आजी परत येणार?"

"येईल ना, पुढच्या वर्षी. पण आजीला आता सगळं माहितीये."

"आणि दुसरं कोणी आलं? तुमचा मामा? तुमच्या ऑफिसचा बॉस? ज्यांना माहीत नाही ते?"

"कोणीही आलं तरी मी बाबाच. प्रॉमिस."

ती विचार करत होती. अगदी प्रामाणिकपणे, गणित सोडवताना करते तसा. शेकोटीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता आणि तिथे राग शोधून सापडत नव्हता. असता तर मी पाय धरले असते.

"नको," म्हणाली. "अंकलच बरंय. ते कोणाहीसमोर चालतं."

तिला तिची मैत्रीण दिसली. "मी जाऊ का?" असं विचारून ती माझ्याकडे बघत थांबून राहिली.

मी म्हटलं, "जा."